दोरी कोणत्या बोटांनी ओढावी: तीन बोटे, नॉकखालची तीन बोटे आणि अंगठा

ओढीची पद्धत ठरवण्याआधी धनुष्याची लांबी मोजा. दोरी पूर्ण ओढली की ती बोटांपाशी वाकते आणि तिथे एक कोन तयार होतो. ७० इंची लाँगबोवर (उंच, सरळ काठीसारख्या धनुष्यावर) हा कोन पसरट राहतो, तीन बोटे त्यात ऐसपैस मावतात. ५० इंची घोडेस्वारी धनुष्यावर तोच कोन इतका टोकदार होतो की वरचे आणि खालचे बोट आत ढकलले जाते आणि बाणाची नॉक (मागच्या टोकाची, दोरी अडकवायची खाच) दोघांमध्ये चिरडते. ‘बोटे फार दुखतात’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. अशा वेळी जाड टॅब (बोटे वाचवणारा चामड्याचा तुकडा) घेऊन काही साधत नाही.

ढोबळ हिशेब असा. ओढ २८ इंचांची असेल आणि बोटांनी ओढायचे असेल तर रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) किमान ६२ इंचांचे आणि लाँगबो ६६ ते ६८ इंचांचे घ्या. ५४ इंच किंवा त्याहून आखूड धनुष्य अंगठ्यासाठी ठेवा. मधल्या ५६ ते ६० इंचांत ओढ आखूड असेल तर बोटे चालतात, लांब असेल तर त्रास देतात. उलट बाजूने हा नियम लागू नाही. अंगठा लांब धनुष्यालाही चालतो. जपानी यूमी २ मीटरहून लांब असते, तरी ती अंगठ्यानेच, कानाच्या मागेपर्यंत ओढतात.

खाली दिलेली सर्व वर्णने उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यासाठी आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या धराव्यात.

बाण कोणत्या बाजूला

बोटांनी ओढताना बाण धनुष्याच्या डाव्या बाजूला ठेवतात, अंगठ्याने ओढताना उजव्या बाजूला. यामागे दोरीला बसणारा पीळ आहे. तीन बोटांनी ओढताना दोरी किंचित फिरते आणि बाणाचे टोक उजवीकडे, म्हणजे धनुष्याच्या अंगाकडे रेलते. बाण डाव्या बाजूला असल्याने तो धनुष्याला टेकून राहतो. अंगठ्याने ओढताना पीळ उलटा बसतो. शिवाय तर्जनीचे मूळ बाणाला उजवीकडून हलके दाबते, त्यामुळे उजवीकडे ठेवलेला बाण धनुष्याला चिकटून राहतो.

बाजू चुकली की बाण ओढतानाच हातावरून घरंगळतो. नवशिके मग तो धनुष्याच्या हाताच्या तर्जनीने धरून ठेवतात. ही सवय लगेच मोडावी, कारण सुटत्या बाणाचे पीस त्या बोटाला कापते.

तीन बोटे: तर्जनी वर, दोन बोटे खाली

ही भूमध्यसागरी ओढ. एडवर्ड मोर्स या अमेरिकन अभ्यासकाने १८८५ मध्ये जगभरच्या ओढींची वर्गवारी केली, तेव्हापासून हे नाव रूढ आहे. इंग्लिश लाँगबो असाच ओढत. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजावर सापडलेल्या धनुष्यांचे ओढीचे वजन, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, अभ्यासक साधारण १०० ते १८५ पाउंड धरतात. जड धनुष्य फक्त अंगठ्यानेच ओढता येते, हा समज यापुढे टिकत नाही.

दोरी तिन्ही बोटांच्या पहिल्या सांध्याच्या घडीत बसवा. बोटांच्या टोकांवर दोरी धरली तर ती लवकर सुटेल असे वाटते. प्रत्यक्षात टोकांवर दोरी धरून ठेवायला बोटे आवळावी लागतात, आवळलेली बोटे उशिरा आणि वेगवेगळ्या वेळी उघडतात आणि प्रत्येक बाण निराळा जातो. खोल आकड्यात बोटांचे स्नायू ढिले राहू शकतात. सगळ्यांत जास्त भार मधल्या बोटावर येतो, त्यानंतर तर्जनीवर. अनामिकेवर थोडा भार राहिला तरी पुरे, पण ती दोरीवरून निसटता कामा नये. ती निसटली की हात फिरतो आणि बाण उंच जातो.

तर्जनी आणि नॉक यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी फट ठेवा. मधल्या बोटानेही नॉकला वरच्या दिशेने रेटू नये. टॅबमध्ये बोटांच्या मधे बसणारा जाडसर तुकडा असतो, तो याचसाठी. मनगट सरळ ठेवा, हाताची पाठ सपाट राहू द्या. अंगठा तळहातात दुमडून करंगळीला टेकवला की तो हनुवटीखाली अडखळत नाही.

अँकर म्हणून, म्हणजे पूर्ण ओढीत हात दर वेळी टेकतो ती ठरलेली जागा म्हणून, तर्जनीचे किंवा मधल्या बोटाचे टोक ओठाच्या कोपऱ्यात टेकवा. कोणते बोट टेकवायचे ते एकदा ठरवले की बदलू नका. मधले बोट टेकवले तर बाण डोळ्याच्या बराच जवळ येतो आणि आखूड अंतरावर नेम सोपा होतो. सोडताना बोटे उघडण्याचा प्रयत्न करू नका. पाठीचा ताण चालू ठेवून बोटे फक्त ढिली करा, दोरी त्यांना स्वतः बाजूला सारते. हात जबड्याला घासत मागे कानाकडे जायला हवा. तो चेहऱ्यापासून बाहेर, उजवीकडे उडाला तर दोरी वाकडी सुटलेली असते आणि बाण बहुधा डावीकडे जातात.

महाराष्ट्रात अनेक मुले इंडियन राउंडच्या बांबूच्या धनुष्याने सुरुवात करतात. ३० आणि ५० मीटरच्या या प्रकारात बोटांचीच ओढ वापरतात. तिथून पारंपरिक रिकर्व्हकडे वळताना बोटांचे काम फारसे बदलत नाही. मात्र हनुवटीखालच्या अँकरची सवय असेल तर तोंडाच्या कोपऱ्यात टेकवताना बाण डोळ्याच्या जवळ येतो, आणि पहिले काही दिवस जुन्या नेमाने सोडलेले बाण खाली पडतात.

तिन्ही बोटे नॉकखाली

इथे तर्जनी थेट नॉकखाली टेकते, वर एकही बोट नसते. आकडा तोच, अँकरही बहुधा तोच: तर्जनीचे टोक ओठाच्या कोपऱ्यात. बाण मात्र एका बोटाच्या जाडीने डोळ्याजवळ सरकतो. १५ ते ३० मीटरवर बाणाच्या टोकाने नेम धरणाऱ्यांना ही पद्धत आवडते ती याच कारणाने. बाणाचे टोक थेट लक्ष्यावर ठेवून बाण मध्यात बसतो असे एक अंतर प्रत्येक धनुष्याला असते, आणि नॉकखालच्या ओढीने ते लक्षणीयरीत्या कमी होते. वर बोटच नसल्याने नॉक चिमटीत सापडत नाही, हा आणखी एक फायदा. बाण शेल्फवरून (मुठीच्या वर बाण टेकतो त्या कापलेल्या कडेवरून) वारंवार उचलला जात असेल तर आठवडाभर ही ओढ करून पाहा. दोष बोटांच्या चिमटीचा होता की आणखी कशाचा, ते कळते.

किंमतही मोजावी लागते. ओढीचा मध्य दोरीवर खाली सरकतो, त्यामुळे खालच्या फाळीवर (मुठीखालच्या वाकणाऱ्या भागावर) जास्त भार येतो. भूमध्यसागरी ओढीसाठी बनवलेल्या धनुष्यात वरच्या फाळीपासून दोरीचे अंतर खालच्या फाळीपेक्षा ३ ते ६ मिलिमीटर जास्त ठेवलेले असते. नॉकखालच्या ओढीला दोन्हीकडे जवळजवळ सारखे अंतर लागते. धनुष्य नवे बनवून घेणार असाल तर कारागिराला ओढ कोणती ते आधीच सांगा. हातात असलेल्या धनुष्याचा टिलर (दोन्हीकडच्या अंतरांतला हा फरक) बदलता येत नसेल तर नॉकिंग पॉइंट (नॉकची जागा ठरवणारी दोरीवरची गाठ) वर सरकवा. भूमध्यसागरी ओढीला तो काटकोनाच्या रेषेपासून ३ ते १० मिलिमीटर वर असतो, इथे १२ ते १९ मिलिमीटरपासून सुरुवात करा. धनुष्य आधीपेक्षा जास्त आवाज करू लागले तर आधी हीच जागा तपासा.

दुसरा नॉकिंग पॉइंट नॉकच्या खालीही बांधा. हे काम बरेच जण टाळतात आणि मग बाण उगीचच उंच-खाली का जातात ते शोधत बसतात. खालून आधार नसेल तर सुटण्याच्या क्षणी नॉक दोरीवरून खाली घसरू शकते. दोन गाठींमध्ये नॉक हलेल एवढी, केसभर मोकळीक ठेवा.

बेअरबो (धनुष्यावर नेमाचे साधन नसलेल्या) प्रकारात याच ओढीवर आधारलेले ‘स्ट्रिंग वॉकिंग’ करतात. अंतर जितके कमी, तितकी बोटे नॉकपासून खाली. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या बेअरबो नियमांत ते चालते. लाँगबो आणि पारंपरिक गटांचे नियम वेगळे असतात, तेव्हा स्पर्धेत उतरण्याआधी त्या गटाचे नियमपत्रक वाचून घ्या.

अंगठ्याची ओढ

मंगोल, मांचू, तुर्क, इराणी, कोरियन, जपानी आणि मुघलकालीन भारतीय तिरंदाज अंगठ्यानेच ओढत. संस्कृत धनुर्वेदात दोरी धरण्याच्या पाच मुठी सांगितल्या आहेत: पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्णी, मत्सरी आणि काकतुंडी. त्यांतल्या शेवटच्या तीन आज शिकणाऱ्यालाही थेट उपयोगी आहेत, कारण त्यांतला भेद एवढाच की तर्जनीचे टोक अंगठ्यावर कुठे टेकते. सिंहकर्णीत ते अंगठ्याच्या मध्यावर, मत्सरीत नखाच्या मुळाशी, काकतुंडीत अंगठ्याच्या टोकावर टेकते. तर्जनी जितकी मागे, तितकी पकड घट्ट. ती जितकी टोकाकडे, तितकी सुटका हलकी, पण जड धनुष्य धरून ठेवणे तितकेच अवघड. नवशिक्याने मत्सरीपासून सुरुवात करावी.

महाभारताच्या आदिपर्वात एकलव्य अंगठा दिल्यावर बोटांनी बाण ओढू लागतो आणि पूर्वीइतका शीघ्र राहत नाही, असे सांगितले आहे. हे वेगाचे निरीक्षण अचूक आहे. अंगठ्याच्या ओढीत बाण धनुष्याच्या उजव्या बाजूलाच बसतो, म्हणून उजवा हात भात्यातून बाण काढून सरळ दोरीवर आणतो. बोटांच्या ओढीत तोच बाण धनुष्याच्या पलीकडे, डाव्या बाजूला न्यावा लागतो. घोड्यावर असताना हा फरक फार मोठा ठरतो.

कृती सावकाश करा, पहिल्यांदा बाणाशिवाय, व्यायामाच्या रबरी पट्ट्यावर.

१. दोरी अंगठ्याच्या पहिल्या सांध्याच्या घडीच्या किंचित पुढे, पेराच्या मांसल भागावर घ्या. अंगठा आकड्यासारखा वाकवा.

२. तर्जनी अंगठ्यावर आणून तिचे टोक नखाच्या मुळाशी ठेवा. तर्जनीचे टोक दोरीला लागू देऊ नका, नाहीतर दोरी सुटताना ते खरचटते आणि सुटकाही अडखळते.

३. उरलेली तीन बोटे तळहातात मिटा. मूठ घट्ट आवळू नका.

४. बाण लावल्यावर तर्जनीचे मूळ नॉकच्या लगेच पुढे बाणाच्या दांड्याला उजवीकडून टेकेल. मनगट किंचित आत वळवा, म्हणजे तळहात जमिनीकडे झुकेल. बाण धनुष्याला टेकून राहील इतकाच दाब द्या. दांडी वाकलेली दिसली तर दाब जास्त झाला आहे.

५. ओढ कोपराने मागे न्या. अँकर गालाच्या हाडापासून कानाच्या मागेपर्यंत कुठेही असू शकतो. पहिले काही महिने जबड्याच्या कोनाजवळ ठेवा.

६. सोडताना तर्जनी आणि अंगठा एकाच वेळी ढिले करा. हात मागच्या दिशेने सरळ निघून जाऊ द्या.

बोटांच्या सवयीतून आलेला माणूस इथे एक चूक हमखास करतो. तो अंगठा सरळ ठेवून तर्जनीच्या जोरावर ओढतो. त्याने अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर तिरका ताण येतो आणि अंगठा तळाशी दुखू लागतो. त्वचा चुरचुरणे किंवा पेर बधिर होणे काही दिवसांत जाते. मुळाच्या सांध्यात कळ आली तर मात्र त्या दिवशी थांबा आणि पुढच्या वेळी कमी पाउंडचे धनुष्य घ्या.

अंगठी कशी निवडावी

सुरुवातीला २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या चामड्याची टोपी किंवा पट्टी बरी. तिच्यातून दोरी कुठे बसते ते जाणवते आणि मापात थोडे इकडेतिकडे झाले तरी चालून जाते. पकड स्थिर झाली की शिंग, पितळ किंवा दगडाची अंगठी घ्या. मुघल दरबारात जेडच्या नक्षीदार अंगठ्या होत्या. शाहजहानची एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. या अंगठ्यांना पुढे जिभेसारखा भाग असतो. दोरी जिभेच्या मुळाशी बसते आणि सुटताना जिभेवरून पुढे घसरते. मांचू पद्धतीची अंगठी सरळ नळीसारखी असते, तिला जीभ नसते. जपानात अंगठीऐवजी यूगाके नावाचा हातमोजा वापरतात. त्याचा अंगठा कडक असतो आणि मुळाशी दोरी अडकण्यासाठी खोबण असते.

जिभेच्या अंगठीचे आतले भोक किंचित लंबगोल असते. ती जीभ बाजूला करून सांध्यावरून आत घाला आणि मग पाव वळसा फिरवून जीभ पेरावर आणा. मागची कडी सांध्याच्या लगेच मागे बसली पाहिजे. हात खाली झटकला तरी ती निघायला नको, आणि अर्ध्या तासाने अंगठा निळसर पडायला नको. उन्हाळ्यात बोटे सुजतात, म्हणून आत चामड्याचा पातळ तुकडा चिकटवून माप कमी-जास्त करण्याची सोय ठेवा. पावसाळ्यात भिजलेले चामडे दोरीला चिकटते आणि सुटका बिघडवते, तेव्हा शिंगाची अंगठी उपयोगी पडते.

धनुष्याच्या हाताचाही विचार करा. या ओढीत बाण धनुष्य धरलेल्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर टेकतो आणि पिसाच्या कण्याचे पुढचे टोक तिथली कातडी कापते. अंगठ्याला पातळ चामडे किंवा कापडी टेप गुंडाळा, आणि पिसाचे पुढचे टोक दोऱ्याने बांधून त्यावर सरसाचा थेंब द्या. पूर्ण ओढीत दोरी चेहरा आणि छातीच्या अगदी जवळून जाते. लांब कर्णफुले, सैल ओढणी, माळ काढून ठेवा.

चिमटीची ओढ

नॉक अंगठा आणि वाकलेली तर्जनी यांच्या चिमटीत धरून ओढणे हे मोर्सच्या यादीतले पहिले रूप. लहान मुले न शिकवता असेच धरतात. हलक्या धनुष्याला ते पुरते. पाउंड वाढले की चिमटी घसरते, म्हणून इतर बोटांची टोके दोरीवर टेकवून मदत घेतात. नव्याने शिकणाऱ्याने यात वेळ घालवू नये.

ओढ बदलली की आणखी काय बदलायचे

ओढीची लांबी आधी तपासा. बोटांनी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत २७ इंच ओढणारा माणूस अंगठ्याने कानापर्यंत सहज ३० ते ३२ इंच ओढतो. धनुष्यावर लिहिलेले पाउंड बहुधा २८ इंचांसाठी असतात आणि पुढच्या दर इंचाला साधारण २ ते ३ पाउंड वाढतात. म्हणजे २८ इंचांवर ३० पाउंडचे धनुष्य ३१ इंचांवर ३६ ते ३९ पाउंड होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की प्रत्येक धनुष्याची कमाल ओढ ठरलेली असते. २८ इंचांसाठी बनवलेले लाकडी धनुष्य ३१ इंच ओढले तर ते मोडू शकते, आणि मोडले तर चेहऱ्यापाशी मोडते. बाणही तेवढेच लांब हवेत. आखूड बाण ओढताना टोक मुठीच्या मागे आले तर सोडलेला बाण हातात घुसू शकतो.

स्पाइनचे, म्हणजे बाणाच्या दांडीच्या कडकपणाचे, निदान उलटे होते. बोटांच्या ओढीत पिसाविना बाण डावीकडे बसला तर तो कडक आहे, उजवीकडे बसला तर मऊ. अंगठ्याच्या ओढीत कडक बाण उजवीकडे जातो आणि मऊ डावीकडे. ही चाचणी १० ते १५ मीटरवर करा, आणि सुटका स्थिर झाल्यानंतरच. डळमळत्या सुटकेवर स्पाइन ठरवून पैसे वाया जातात. घोडेस्वारी धनुष्याची मूठ रुंद असते आणि तिला शेल्फची कापणी नसते. बाणाला तिच्याभोवती जास्त वळसा घालावा लागतो, म्हणून तेवढ्याच पाउंडच्या मध्यकापणीच्या (बाण मध्यरेषेजवळ बसेल इतक्या कापलेल्या) रिकर्व्हपेक्षा तिथे मऊ बाण लागतो.

नॉकची पकडही पाहा. अंगठ्याच्या ओढीत तर्जनी बाणाला सांभाळते, तरी बाण दोरीवर लटकवल्यावर स्वतःहून पडू नये आणि दोरीवर बोटाची टिचकी मारली की सुटावा, एवढी घट्ट नॉक असावी.

सरावाचा क्रम: २० ते २५ पाउंडचे धनुष्य, बट्रेसपासून (बाण अडवणाऱ्या जाड गादीपासून) ३ ते ५ मीटर, समोर कागद नाही. दिवसाला ३० ते ४० बाण पुरेत. नजर लक्ष्यावर न ठेवता दोरी कुठे बसली आणि हात कुठे गेला एवढेच पाहा. दोन आठवड्यांनी १० मीटरवर जा. दोन्ही ओढी शिकायच्या असतील तर एकाच दिवशी आलटून पालटून करू नका. बाणाची बाजू आणि अँकर यांची सरमिसळ होते आणि गोंधळलेल्या हाताने बाण चुकीच्या बाजूला लावला जातो. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका. रबरी पट्टा यासाठीच आहे.

काय चुकते आणि का

बाण ओढताना धनुष्यापासून दूर हलतो: बोटांच्या ओढीत बहुधा ओढताना बोटे आणखी वळत आहेत. आधी आकडा पक्का करा, मग धनुष्य उचला. अंगठ्याच्या ओढीत मनगट आत वळलेले नसते किंवा तर्जनीचे मूळ बाणापासून सुटलेले असते.

दोरी धनुष्याच्या हाताच्या कोपराजवळ आपटते: कोपर खाली वळलेले आहे. ते बाहेरच्या बाजूला फिरवा आणि ब्रेस हाइट (न ओढलेली दोरी आणि मूठ यांतले अंतर) मोजा. आर्मगार्ड घाला, पण आर्मगार्ड आहे म्हणून कोपराची चूक राहू देऊ नका.

अनामिकेच्या टोकाला फोड: ते बोट टोकाने ओढत आहे किंवा टॅब आखूड आहे. आकडा खोल करा.

अंगठ्याच्या नखाखाली काळे डाग: तर्जनी नखाच्या मध्यावर दाबते आहे. ती मुळाकडे सरकवा.

बाण बट्रेसमध्ये नॉक वर करून घुसतो: नॉकिंग पॉइंट वर आहे. नॉक खाली असेल तर उलट, पण अंगठ्याच्या ओढीत आधी धनुष्याचा हात पाहा. बाण सोडताना मूठ खाली पडत असेल तरी नॉक वर दिसते. एका वेळी २ मिलिमीटरच हलवा आणि प्रत्येक बदलानंतर किमान सहा बाण सोडून पाहा.

दोरी गालाला किंवा कानाला चाटून जाते: अंगठ्याच्या ओढीत डोके पुढे काढू नका. मान सरळ ठेवून फक्त चेहरा लक्ष्याकडे वळवा. धनुष्य किंचित उजवीकडे झुकवले की दोरीला चेहऱ्यापासून जागा मिळते.